बोईची पाठ चमकत नाही

घोडबंदरला गायमुखच्या खाडीवर गरवायला जाणाऱ्या कुणालाही विचारा, ल्यूर, म्हणजे गळाला लावायचा खोटा मासा, माशाला कमी आणि तिवरांच्या मुळांनाच जास्त लागतो. भरतीला मुळं पाण्याखाली जातात, अंदाज चुकतो, आणि महागातला ल्यूर तुटून गेला की दोन दिवस जेवण गोड लागत नाही. म्हणून घरीच लाकडाचा करायचा ठरवलं. पैसे वाचतील हा त्यामागचा हिशोब. तो कसा फसला ते बायकोला विचारा.

नमुना बोईचा घेतला, कारण खाडीतला जिताडा हा शिकारी मासा बोईवर तुटून पडतो. ठाण्याच्या बाजारातून वीतभर बोई आणली, कागदावर ठेवून कुशीवरून आणि पाठीवरून पेन्सिलीने आखली, मोबाइलवर फोटो काढले आणि मग तिचं कालवण केलं.

लाकूड शोधायला मात्र वेळ गेला. वखारीत सागाचे तुकडे फुकट देतात, पण साग जड आणि तेलकट, रंग धरत नाही. शाळेच्या प्रोजेक्टचं सामान विकणाऱ्याकडे बाल्सा मिळतो, तो इतका मऊ की नखाने खड्डा पडतो. शेवटी सावंतवाडीच्या मामांनी पांगाऱ्याचे दोन सुकवलेले ओंडके एसटीने पाठवले. तिथली रंगीत खेळणी पूर्वापार याच लाकडाची. हलकं, कापायला सोपं, आणि बाल्साइतकं नाजूक नाही.

लिप म्हणजे ल्यूरला पाण्यात डोलवणारी तोंडाखालची पट्टी. तिची खाच ठोकळा चौकोनी असतानाच पाडून घ्यायची. एकदा गोलाई दिली की करवत सरळ धरायला आधार उरत नाही, आणि लिप केसभर तिरकी बसली तरी ल्यूर पाण्यात एका अंगावर पळतो. लिपसाठी साइनबोर्डवाल्याकडून 2 मिमी पॉलिकार्बोनेटचा तुकडा आणला. अ‍ॅक्रिलिक नको, दगडावर आपटलं की तडकतं. लिप उभी ठेवली की ल्यूर वरच्यावर पोहतो, अंगाच्या रेषेत आडवी होत गेली की खोल जातो. आपल्याकडे खाली चिखल आणि मुळं, म्हणून मी ती उभीच ठेवली. पोटाकडून हॅक्सॉ ब्लेडने लांब फट पाडून त्यात 1 मिमीची स्टीलची तार अखंड बसवली. नाक, पोट आणि शेपूट अशा तीन ठिकाणी तिचे फासे बाहेर. लाकूड फुटलं तरी मासा तारेवर राहतो.

सगळ्यात जास्त वेळ मी शिशाला दिला, आणि माझ्या मते खरा ल्यूर तिथेच ठरतो. गळ, रिंगा सगळं लावून, शिशाचे तुकडे पोटाला रबरबँडने बांधून ल्यूर टबात सोडायचा. तुकडा पुढे सरकवला की नाक बुडतं, मागे नेला की शेपूट. पाठीची जेमतेम कड पाण्यावर राहून तो आडवा तरंगायला लागला की ती जागा पेन्सिलीने धरायची, तिथे भोक पाडून शिसं आत बसवायचं आणि वरून अरल्डाइटमध्ये लाकडाचा भुसा कालवून फट बुजवायची. मुलीच्या आंघोळीचा टब आठवडाभर अडवून ठेवला म्हणून घरात काय ऐकावं लागलं, ते इथे लिहीत नाही.

तोवर आषाढ लागला. रंगाआधी लाकडाची छिद्रं बुजवायला सँडिंग सीलरचा पहिला हात मारला आणि पृष्ठभागावर पांढुरकी साय धरली. दमट हवेत सीलरमधला थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि आत अडकते. कळव्यात मित्राचा गणपतीचा कारखाना आहे, तो म्हणाला, "अरे, आम्ही हॅलोजन लावून बसतो, तू गॅलरीत काय करतोयस?" पण त्याचा रंग फवारायचा कॉम्प्रेसर चतुर्थीपर्यंत मोकळा मिळणार नव्हता. मग घासून घेतलेला ल्यूर डब्यात घातला, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि विसर्जनाची वाट बघत बसलो.

रंगवताना कारखान्यातलंच सामान उपयोगी पडलं. आधी सगळीकडे पांढरा प्रायमर, मग कुशीला आणि पाठीला मूर्तीच्या दागिन्यांसाठी वापरतात तो मोत्यासारखा चमकणारा पर्ल रंग. त्यावर जुन्या ओढणीची नेट ताणून पकडली आणि वरून हलका राखाडी फवारला. नेट सोडवली तेव्हा खवले असे उठले होते की मित्राने हातातला ब्रश खाली ठेवला. दुकानातल्या तयार ल्यूरवर कुशीच्या मधोमध सर्रास एक रेघ असते. बोईला ती दिसत नाही, खवल्यांच्या रांगांचेच फिकट पट्टे दिसतात. म्हणून ती काढली नाही. डोळे मित्रानेच काढले, मूर्तींची आखणी करणारा हात तो.

मग चेंदणी कोळीवाड्यातल्या एका काकांना दाखवला. त्यांनी तो उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "पाठ कुठल्या बोईची बघितलीस? बाजारातल्या?"

"हो काका."

"ती कुशीवर पडलेली असते रे. खाडीत वरून बघ, पाठ चमकते का कुठे?"

भरतीला धक्क्यावरून वाकून बघितलं. बोयांचा थवा होता, आणि तो दिसायचा फक्त एखादी बोई वळली की, कुशीचा लखकन् तुकडा. एरवी पाठी पाण्याच्याच रंगाच्या. वरून येणारा उजेड काळपट पाठ गिळते, सावलीतलं पोट पांढरं असतं, आणि मासा सपाट होऊन पाण्यात मिसळतो. पर्ल मारलेली पाठ मी मेहंदी आणि काळ्याच्या मिश्रणाने झाकून टाकली. ल्यूर शेल्फवर ठेवायला आता कुणी मागणार नाही इतका साधा दिसायला लागला.

वरच्या काचेसारख्या थरासाठी दोन भागांचं रेझिन. फिनलंडच्या लाउरी रापालाने 1936च्या सुमारास बुचाचा पहिला ल्यूर केला, तेव्हा त्याने वर चॉकलेटची चांदी गुंडाळली होती आणि वॉर्निश म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लावल्या होत्या. आपलं काम त्या मानाने सोपं. फक्त रेझिन ओघळून पोटाशी जमतं, म्हणून बंद पडलेल्या मायक्रोवेव्हची तबकडीची मोटर काढून त्यावर ल्यूर रात्रभर फिरत ठेवला. मिनिटाला 5-6 फेरे, तेवढे पुरतात.

पाण्यात पहिल्यांदा ओढला तर डावीकडे पळायला लागला. नाकाचा फासा पक्कडीने किंचित उजवीकडे वाकवला, सरळ झाला. दिवाळीनंतर एका भरतीला तिवरांच्या कडेने ओढताना जिताड्याने तो घेतला. लहानच होता, सोडून दिला. ल्यूरवर त्याच्या दातांची खूण नव्हती. होत्या त्या माझ्याच गळांच्या. पोटाखाली झुलणाऱ्या टोकांनी रेझिनवर दोन्हीकडे बारीक चंद्रकोरी कोरल्यात. पुढच्याला तिथे रेझिनचा आणखी एक हात द्यायला हवा.

मित्र म्हणतो, विसर्जनानंतर कारखाना रिकामाच असतो, शंभर करू आणि विकू. मी मामांना पांगाऱ्याबद्दल विचारलंय. ते म्हणाले, आधी तू इकडे ये, मग बघू.