अर्ध्या गुणाचा डाव

शाळेने जिंकलेल्या ढाली आणि चषकांबद्दल या अंकात बरेच जण लिहितील. मला लिहावंसं वाटतं ते आंतरवर्गीय बुद्धिबळ स्पर्धेत बरोबरीत सुटलेल्या एका डावाबद्दल. काळी मोहरी दहावीतल्या मुलाकडे होती, पांढरी आठवीतल्या.

शेवटी पटावर पाचच मोहरी उरली. काळा राजा डी४ (अक्षर म्हणजे उभी ओळ, आकडा म्हणजे पांढऱ्याच्या बाजूने मोजलेली आडवी रांग), प्यादं ई४, हत्ती ए२. पांढरा राजा ई१, म्हणजे प्याद्याच्या वाटेतच, आणि हत्ती एच३. या स्थितीची किल्ली तिसऱ्या रांगेत आहे. पांढऱ्या हत्तीने ती अडवून धरली की काळ्या राजाला पुढे सरकता येत नाही. आठवीतला मुलगा हत्ती एच३वरून जी३वर, पुन्हा एच३वर, एवढंच करत राहिला. बघ्यांना वाटलं, याला काही सुचत नाहीये. पण तो एफ३वर एकदाही गेला नाही. तिथे ई४च्या प्याद्याने हत्ती फुकट मारला असता.

प्यादं ई३वर आलं की मात्र रांग सोडायची. हत्ती थेट आठव्या रांगेत न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. प्यादं पुढे गेल्यामुळे काळ्या राजाला त्याच्या पुढ्यात आडोसा उरत नाही. फ्रेंच खेळाडू फिलिडोरने अठराव्या शतकातच हा बचाव दाखवून दिला होता. नवखे खेळाडू इथे घाई करतात. प्यादं ई४वर असतानाच हत्ती वर नेला, तर काळा राजा ई३वर येऊन प्याद्याच्या आड लपतो आणि बचाव फार अवघड होतो. हत्ती पहिल्या रांगेत दडवून ठेवणं तर त्याहून वाईट. कडेच्या प्याद्यासमोर ते चालतं, मधल्या प्याद्यासमोर डाव जातो.

दहावीतल्या मुलाने प्यादं पुढे ढकललंच नाही. त्याचा हत्ती ए२, बी२, ए२ असा फिरत राहिला. तीच स्थिती, त्याच खेळाडूची पाळी असताना, तिसऱ्यांदा येणार होती. तसं झालं की बरोबरीचा दावा करता येतो. तो करण्याची आठवीतल्या मुलाची पद्धत मला फार आवडली. मोहऱ्याला हात न लावता त्याने पुढची चाल नोंदपत्रकावर लिहिली, घड्याळ थांबवलं आणि पंचांना बोलावलं. अनेक जण आधी चाल खेळतात, मग हात वर करतात. तेव्हा त्या वेळचा हक्क गेलेला असतो. दावा चुकीचा ठरला तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जादा मिळतात, तेही त्याला ठाऊक होतं.

पंचांनी दोन्ही पत्रकं शेजारी ठेवून चाली ताडून पाहिल्या आणि दोघांपुढे अर्धा-अर्धा गुण लिहिला.