आमची वाटचाल : चुना, सागवान आणि भाडेकरू

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर आम्ही दोघं गावभागातले, म्हणजे जुन्या सांगलीतले, वाडे बघत फिरलो. तोवर आमची फर्म विश्रामबागेकडचे बंगले आणि अपार्टमेंटचे प्लॅन काढायची. पांढऱ्या मातीच्या भिंती बसल्या होत्या, पण घडीव दगडाची जोती आणि सागवानी खांब उभे होते. जिथे जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला होता, तिथे ओल आत कोंडून लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, धरला. चुन्याच्या भिंती हळूहळू का होईना, वाळल्या.

तेव्हापासून आम्ही जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचीच कामं घेतो. चुना शिकण्यातच दोन वर्षं गेली. भाजलेल्या चुन्याची कळी पाण्यात विरवायची, मुरत ठेवायची, वाळूबरोबर मळायची. घाई केली की तडे. एका म्हाताऱ्या गवंडीकाकांनी हात धरून शिकवलं. चुन्याला इंधनही कमी लागतं : सिमेंटच्या भट्टीला साधारण १४५० अंश सेल्सिअस लागतात, चुन्याला ९००च्या आसपास. त्यात जुन्या तुळया परत बसवल्या की नवं लाकूड तोडावं लागत नाही.

पहिला पूर्ण वाडा आम्ही जीव ओतून केला. त्यात सहा भाडेकरू होते. मालकांची अडचण खरी होती : कायद्याने भाडं वर्षाला ४ टक्के वाढतं, आणि मूळ भाडंच दीडशे रुपये असेल तर वाढ सहा रुपयांची. दुरुस्तीचा खर्च लाखांत. 'काम होईपर्यंतच' म्हणून सहाही घरं बाहेर गेली, त्यातली दोन परतली. पापड लाटून विकणाऱ्या काकू मिरजेकडे गेल्या. त्यांचं गिऱ्हाईक सगळं मारुती चौकातलं, ते तुटलं. भेटल्या की म्हणतात, "वाडा झकास केलात हो ताई." मला मान वर करवत नाही. वाडा राहिला आणि त्यातली माणसं गेली, हे आमच्याच हातून झालं.

आता प्लॅन काढण्याआधी मालक आणि भाडेकरू एकत्र बसवतो. परत येण्याचा करार नोंदवल्याशिवाय कुदळ मारत नाही. काम अर्धं-अर्धं करतो, म्हणजे कुणी वाड्याबाहेर जात नाही. यात खर्च वाढतो, वेळ लागतो. या अटीपायी तीन कामं हातची गेली. काही ठिकाणी भाऊबंदकीच इतकी, की एकत्र बसायलाच कुणी येत नाही. तिथे आमचं काही चालत नाही, वाडा डोळ्यांदेखत खचतो.

सध्या गावभागात चार कुटुंबांचा वाडा चालू आहे. मागच्या सोप्यातली, म्हणजे मागच्या दालनातली, दोन कुटुंबं पावसाळ्याआधी पुढच्या सोप्यात हलवायची आहेत. तिथला गिलावा अजून ओला आहे.