आमची वाटचाल: गावभागातल्या एका खोलीपासून विश्रामबागपर्यंत

२०१४ ला सांगलीत गावभागात दहा बाय बाराची खोली भाड्यानं घेऊन गिटारचा क्लास चालू केला तेव्हा बाहेर फ्लेक्स लावला होता, "३ महिन्यात १० गाणी, गॅरंटी". आता आठवलं की लाज वाटते, पण खरं सांगतो, त्या फ्लेक्समुळंच पोरं आली. तीन गिटार, एक टेबल फॅन आणि मी.

गाणी शिकवायचो म्हणजे काय, कुठलं बोट कुठं ठेवायचं ते दाखवायचं, चार कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) पाठ करून घ्यायच्या आणि चालू. पोरं खुश, पालक खुश. घोळ एफ कॉर्डला व्हायचा. एका बोटानं सहाच्या सहा तारा दाबायच्या, तेही पहिल्याच फ्रेटवर (गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी), तिथं निम्मी बॅच गळायची आणि मी आपला "प्रॅक्टिस कर रे, बोटं तयार होतील" एवढंच म्हणायचो.

एकदा एका सप्लायरकडनं सहा स्वस्तातल्या गिटार घेतल्या, सगळ्यांच्या तारा इतक्या उंच की माझीच बोटं सोलली. परत घ्यायला तो तयार नाही. शेवटी एक गिटार घेऊन मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. म्हणलं, बघू काय होतंय का. तिथल्या कारागीर चाचांनी गिटार हातात घेतली, तारा एकेक करून छेडल्या आणि फ्रेटकडं न बघताच म्हणाले, ही दुसरी तार उतरलीय. मी सूर तपासायचं ट्यूनर ॲप काढून बघितलं, खरंच उतरलेली होती. मग त्यांनी बारीक कानशीनं नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा खोल करून दिल्या. पहिल्या फ्रेटला बोट दुखायचं निम्मं कारण ती नटची उंचीच असते, हे मला चार वर्षं क्लास चालवून माहीत नव्हतं! आता आमच्याकडं नवीन पोराला बारे, म्हणजे एका बोटानं सगळ्या तारा दाबणं, आधी पाचव्या फ्रेटवर शिकवतो, तिथं कमी जोर लागतो, आणि मग हळूहळू खाली आणतो. नट घासून देणं हा आमचा छोटा जोडधंदा पण झालाय.

पण माझ्या डोक्यात बसलं ते दुसरंच, चाचांचा कान. माझ्या पोरांना दहा गाणी येत होती आणि ट्यूनर ॲप बंद केलं की गिटार लावता येत नव्हती.

म्हणून २०१८ ला सगळं बदललं. क्लासची पहिली वीस मिनिटं गिटार हातात नाही, तानपुरा लावायचा आणि सा म्हणायचा. मग सा-प, सा-म, मग शुद्ध ग आणि कोमल ग. कॉर्ड मेजर आहे की मायनर ते त्या गंधारावरच ठरतं, एवढी थिअरी एका वाक्यात होते आणि पोरं विसरत नाहीत. पालक मात्र चिडले, "सर गाणं कधी शिकवणार?" दोन महिन्यात बरीच पोरं गेली आणि भाडं घरातनं भरलं.

त्याच बॅचला भजनी मंडळातल्या एक काकू यायच्या, नातवाला सोडायला. मी मेजर पेंटॅटॉनिक स्केल (पाच सुरांचं) वाजवत होतो तर त्या दारातनंच म्हणाल्या, "अहो सर, हा तर भूप." नंतर त्या स्वतःच ॲडमिशन घेऊन बसल्या, आणि इंटरव्हल (दोन सुरांमधलं अंतर) ओळखायच्या खेळात नातवाला रोज हरवायच्या.

एक गंमत सांगायची राहिली. कान तयार झाला की नवीन दुखणं सुरू होतं. तानपुऱ्यात ऐकू येतो तो गंधार गिटारच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) खाली असतो, कारण गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून बसवलेले. त्यामुळं पोरं 'जी' (G) कॉर्ड गोड लागावी म्हणून तिच्यात गंधार असलेली दुसरी तार जरा उतरवतात आणि मग 'ई' (E) कॉर्ड वाजवली की तीच तार बेसूर, कारण तिथं ती पंचम असते. "सर, गिटार खराब आहे." नाही रे बाबा, तुझा कान चांगला झालाय.

ऑगस्ट २०१९ ला कृष्णा खोलीत शिरली. पाणी उतरल्यावर बघतोय तर गिटारचे डिंक सुटून पुढच्या फळ्या फुगलेल्या, माना वेगळ्या, बुडं वेगळी. त्यावर जास्त लिहीत नाही. विश्रामबागला पहिल्या मजल्यावर जागा घेतली, सहा महिने होतायत न होतायत तोवर लॉकडाऊन.

झूमवर दोघांनी एकत्र वाजवता येत नाही, आवाज मागं पडतो, वर ते नॉइज कमी करायच्या नादात गिटारचा लांबलेला सूरच कापून टाकतं. म्हणून व्हॉट्सॲपवर रोज सकाळी दोन सुरांची व्हॉइस नोट टाकायला लागलो, उत्तर गाऊन पाठवायचं. कॉर्डपेक्षा कानाचं काम त्या काळात जास्त झालं, आणि पुण्या-बेंगलोरला गेलेली जुनी पोरं पण परत जोडली गेली. ती व्हॉइस नोट आजही चालू आहे, रविवार सोडून.

आता तीन बॅच आहेत, एक मोठ्या माणसांची, शनिवारी संध्याकाळी. ग्रेडच्या परीक्षांना बसायचं त्यांना बसवतो, पण मागं लागत नाही. तो जुना फ्लेक्स पुरातनं वाचला, त्याच्या पाठीमागं मार्करनं फ्रेटबोर्ड काढून भिंतीला लावलाय. नवीन कोणी येणार असेल तर लगेच गिटार घेऊ नका, पहिला महिना तशीही लागत नाही, आणि घ्यायचीच तर आधी मला फोन करा.