मंगळाच्या लहरी ओहोटीत शोधताना: या मोसमाची नोंद

कोकणातल्या केळशीच्या वाळूच्या टेकडीवर फोटो काढणं सध्या थांबवलंय आणि कॅमेरा घेऊन खाली ओल्या पुळणीवर उतरलोय. मंगळाच्या टेकड्यांचा नाद असलेल्या माणसाने पाण्याकडे वळावं, हे विचित्र वाटेल खरं.

पण मंगळावरच्या गेल विवरातल्या बॅगनोल्ड या वाळूच्या टेकड्यांचे फोटो बघा. नासाचा क्युरिऑसिटी रोव्हर तिथे २०१५ च्या अखेरीस पोचला. एकाच उतारावर वाळूत उमटलेल्या दोन मापांच्या लहरी आहेत. लहान लहरी आपल्या ओळखीच्या, काही सेंटीमीटर अंतराच्या. उडालेला कण खाली आदळतो, पुढचे कण उडवतो, त्यातून त्या बनतात. दुपारी खारा वारा सुटला की केळशीच्या कोरड्या वाळूतही डोळ्यांदेखत उमटतात. मोठ्या लहरींमधलं अंतर मात्र दोन-तीन मीटर! इतक्या बारीक वाळूत अशा लहरी आपल्या वाळवंटांत दिसत नाहीत.

२०१६ मध्ये ग्रहशास्त्रज्ञ मॅथ्यू लापोत्र आणि सहकाऱ्यांनी मांडलं की या मोठ्या लहरींचं नातं पाण्याखालच्या वाळूत घडणाऱ्या लहरींशी आहे. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. इतक्या विरळ हवेत घनतेच्या मानाने चिकटपणा फार, म्हणून वाहत्या हवेच्या ओढीनेच लहर घडते आणि ती मोठी होते. सगळ्यांना हे पटलेलं नाही. काहींच्या मते त्याही कण आदळूनच वाढलेल्या आहेत. मला पाण्याची बाजू जास्त पटते.

म्हणून आता ओहोटीचं पाणी जिथून ओढ घेत समुद्राकडे जातं, त्या चरांतल्या लहरी टेपने मोजतोय. एक बाजू लांब उताराची, दुसरी तीव्र, अशाच घ्यायच्या. लाटांच्या ये-जा करण्याने झालेल्या दोन्हीकडून सारख्या लहरी या तुलनेत निरुपयोगी.

वेळेचं गणित महत्त्वाचं. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी पूर्ण ओसरतं ते साधारण सकाळ-संध्याकाळी, म्हणजे ऊन तिरपं असताना. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, तीच ओहोटी दुपारवर जाते आणि डोक्यावरच्या उन्हात सगळं सपाट दिसतं. तेव्हा खुशाल घरी बसून फणसाची भाजी खावी.

वाळूचंही थोडं. रत्नागिरी किनाऱ्यावरच्या काळ्या रेतीत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहाची खनिजं असतात, बरीचशी सह्याद्रीच्या बेसॉल्टमधून, म्हणजे काळ्या कातळातून, झिजून आलेली. बॅगनोल्डची काळी वाळूही बेसॉल्टचीच. पण आपल्याकडे शिंपल्यांचा चुरा मिसळतो, त्यामुळे कणांची तुलना मी फार ताणत नाही.

शनीचा चंद्र टायटन बाजूला ठेवलाय. तिथल्या शंभरेक मीटर उंचीच्या लांबच लांब टेकड्या कॅसिनी यानाने रडारने टिपल्या. त्यात लहरी दिसण्याइतका तपशीलच नाही. नासाचं ड्रॅगनफ्लाय यान तिथे पोचेपर्यंत थांबावं लागेल.

पुढच्या उधाणात एकाच सकाळी ओली आणि कोरडी, दोन्ही पट्ट्यांची मापं घेणार आहे. गुहागर किंवा दिवेआगरला कोणी जाणार असेल, तर फोटोत पट्टी ठेवा आणि पाणी कुठल्या दिशेने ओसरत होतं तेही लिहा.