सल्ला जिल्ह्याला नको, प्लॉटला द्या

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सांगली जिल्ह्यातल्या मणेराजुरीत द्राक्षाचा एक प्लॉट पोंग्यात (नवी फूट निघताना) असतो, शेजारचा दोड्यात (घड फुलण्याआधी) आणि बांधापलीकडचा मणी धरायला लागलेला. तिन्ही मालकांच्या मोबाइलवर मेसेज मात्र एकच येतो: 'ढगाळ हवामान राहील, द्राक्षबागेत डाऊनीचा प्रादुर्भाव संभवतो, योग्य बुरशीनाशकाची फवारणी करावी.' डाऊनी म्हणजे केवडा, द्राक्षावरचा बुरशीचा रोग. मेसेजमध्ये चूक काहीच नाही. पण कोणतं औषध, लिटरला किती, आज की उद्या आणि मुळात माझ्या प्लॉटला गरज आहे का, हे त्यात नाही. मग माणूस औषधाच्या दुकानात जाऊन विचारतो, आणि शेतीसल्ल्याची विस्तार सेवा तिथंच संपते.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागात एखादा गट, सोसायटी किंवा शेतकरी कंपनी स्वतःची सल्लासेवा उभी करणार असेल, तर ॲपपासून सुरुवात करू नये. सुरुवात यादीपासून करावी.

यादीत एक ओळ म्हणजे एक प्लॉट, एक शेतकरी नव्हे. एकाच माणसाचे तीन प्लॉट तीन तारखांना छाटलेले असतात. रकाने मोजके ठेवावेत: नाव, फोन, महसूल मंडळ, प्लॉटची खूण ('विहिरीजवळचा', 'माळावरचा'), वाण, फळछाटणीची तारीख आणि माल कुठं जाणार, म्हणजे निर्यात, स्थानिक बाजार की बेदाणा. शेवटचा रकाना लोक गाळतात आणि काढणीच्या तोंडावर पस्तावतात, कारण निर्यातीच्या प्लॉटला चालणारी औषधं आणि फवारणीनंतर काढणीआधी थांबायचे दिवस वेगळे असतात. वयाचा रकाना हातानं भरू नये. आजच्या तारखेतून छाटणीची तारीख वजा करणारं सूत्र घातलं की प्लॉट रोज आपोआप एक दिवसानं मोठा होतो.

इथं एक खड्डा आहे आणि बहुतेकजण त्यात पडतात. गूगल शीट अमेरिकन पद्धतीवर असेल, तर ५/१० ही छाटणी ती १० मे समजते. २५ ऑक्टोबरला वीस दिवसांचा प्लॉट यादीत १६८ दिवसांचा दिसतो, डाऊनीच्या यादीतून गळतो आणि त्या शेतकऱ्याला मेसेजच जात नाही. १५/१० अशी तारीख तिला कळतच नाही, ती नुसती अक्षरं म्हणून पडून राहते. म्हणून पहिली नोंद करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन देश 'भारत' करावा. आणि वय दीडशेच्या वर दिसलं की तो रकाना लाल होईल अशी सोय करून ठेवावी.

आता हवामान. भारतीय हवामान विभागाचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, पुढच्या पाच दिवसांचा. तो पायाभूत म्हणून घ्यावा, पण गुरुवारी संध्याकाळी मंगळवारचा अंदाज शिळा झालेला असतो. परतीचा पाऊस मणेराजुरीत झोडपतो आणि सावळजला रस्ताही भिजत नाही. त्यासाठी मंडळ पातळीवरच्या महावेध या स्वयंचलित हवामान केंद्रांचे तापमान, आर्द्रता आणि पावसाचे आकडे जोडावे लागतात. तिथं पान किती तास ओलं राहिलं हे मिळत नाही, म्हणून आर्द्रता ९० टक्क्यांवर किती तास होती ते मोजून अंदाज बांधायचा. रात्री हवा दमट, तापमान तेरा अंशांच्या वर आणि चारेक तास अंधार मिळाला की पानाच्या खालच्या बाजूला डाऊनीचे बीजाणू तयार होतात. सकाळी पान दोन-तीन तास ओलं राहिलं की ते आत शिरतात. डाग दिसायला साधारण आठवडा लागतो. म्हणजे डाग पाहून पाठवलेला मेसेज आठवडाभर उशिराच आलेला असतो.

गटानं स्वतःचं केंद्र घेतलं, तर पान-ओलावा सेन्सर वेलीच्या पानांच्या उंचीवर तिरका बसवावा. ब्लोअरच्या फवाऱ्यानं तो भिजतो आणि 'रात्रभर ओलं' अशी खोटी बोंब मारतो, तेव्हा फवारणीच्या वेळा नोंदवून ते तास वगळावेत. औषधाचा थर बसतो, तो पंधरा दिवसांनी ओल्या मऊ फडक्यानं पुसावा. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात कोळी जाळं करतो. पाऊस पडूनही शून्य दिसला तर आधी तिथं पाहावं. सोलर पॅनेल मांडवाच्या सावलीत येत असेल, तर नेमकं ढगाळ दिवसात, गरज असताना, केंद्र बंद पडतं.

मेसेज संध्याकाळी सातच्या आसपास जावा. फवारणीची तयारी पहाटे होते, अकरा वाजता आलेला सल्ला त्या दिवसापुरता वाया. मजकूर असा: 'सावळज मंडळ. वय १८ ते ३० दिवस. काल रात्री ७ तास आर्द्रता ९० च्या वर, दुपारी १२ मिमी पाऊस. उद्या सकाळी फवारणी.' पुढं घटकाचं नाव, लिटरला प्रमाण आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं. हे तिन्ही पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू हंगामातल्या यादीवरूनच घ्यावं, मागच्या वर्षीचा मेसेज पुढं ढकलू नये. ब्रँडचं नाव लिहूच नये. दोन वेगळ्या डब्यांत एकच घटक असतो आणि औषध बदललं या समजुतीत शेतकरी तेच पुन्हा मारतो. ज्याची त्या भागात औषधांची एजन्सी आहे, त्याला ग्रुपचा ॲडमिन करू नये, हेही इथंच सांगितलेलं बरं.

साध्या फोनसाठी एसएमएस लागतोच. देवनागरीत एका एसएमएसला फक्त ७० खुणा मिळतात, आणि काना-मात्रा, पाय मोडल्याची खूण सगळं वेगळं मोजलं जातं. 'द्राक्ष' दिसायला दोन अक्षरं, मोजणीत सात. त्यात मेसेजचा साचा आधी डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर, नोंदवावा लागतो, नाहीतर मेसेज वाटेतच अडतो. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची, आणि तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच ती पोचते. 'मला येतच नाही' या तक्रारीमागं बहुतेक वेळा हेच असतं.

फोटो मागवताना तीन मागवा: पूर्ण वेल, पानाची वरची बाजू, खालची बाजू. सकाळी लवकर काढलेले, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवलेले, म्हणजे बारीक पांढरी वाढ पुसट होत नाही. शंका राहिलीच, तर पान ओल्या कागदासह पिशवीत रात्रभर ठेवायला सांगा. सकाळी तेलकट डागाच्या खाली पांढरा कापूस दिसला तर डाऊनी. वरच्या बाजूला राखाडी भुकटी असेल तर भुरी, हा दुसरा बुरशीचा रोग.

वारणा खोऱ्यात १९९८ साली कोल्हापूर-सांगलीच्या ७० गावांत संगणक केंद्रं बसली होती. पीकसल्ला, बाजारभाव बरंच काही ठरलं होतं. लोक मात्र मुख्यतः आपल्या उसाचं वजन, खताची उचल आणि हिशेब पाहायला जात. पुढं काही गावांत संगणक काढून तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिलं. माणूस स्वतःची नोंद उघडून बघतो, म्हणून मेसेजच्या सुरुवातीलाच त्याच्या प्लॉटचं वय असावं.

उत्तर साधं मागावं: फवारलं तर १, पावसानं धुतलं तर २, नाही जमलं तर ३. दोनचे आकडे एका मंडळातून जास्त आले, की त्याच रात्री दुसरा मेसेज तयार ठेवायचा. आणि एप्रिलच्या खरड छाटणीला यादीतला प्रत्येक नंबर एकदा लावून बघायचा. पोरानं रिचार्जच्या नादात सिम बदललेलं असतं.