डोळ्यांनी पाहिलं ते रक्त

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच असतो. गणपतीच्या आरतीनंतरची प्रसादाची रांग असो, भिशी असो, कुणाच्या मुलीचं डोहाळजेवण असो, कुणीतरी मला हळूच बाजूला घेतं. "तू रक्ताच्या लॅबमध्ये आहेस ना? ते लाईव्ह ब्लड ॲनालिसिस करतात, ते खरं असतं का गं? म्हणजे, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय."

त्यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. त्या वाक्यापुढे माझी एकोणीस वर्षांची नोकरी फिकी पडते.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे लंडनमध्ये काही नॅचरोपॅथ, म्हणजे निसर्गोपचार करणारे, बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब काचेच्या स्लाइडवर घेतात, वर कव्हरस्लिप, म्हणजे पातळ काचेचा तुकडा, ठेवतात आणि लगेच डार्क फील्ड सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. डार्क फील्ड म्हणजे उजेड सरळ भिंगात न सोडता तिरपा सोडायचा. मग पार्श्वभूमी काळी दिसते आणि पेशींच्या कडा चमकतात, दिवाळीत अंगणातल्या पणत्या दिसाव्यात तशा. कॅमेरा लावलेला असतो, समोर भला मोठा पडदा. त्या पडद्यावर तुमचं रक्त हलताना तुम्हाला दिसतं आणि शेजारी बसलेली व्यक्ती बोट दाखवून त्याचा अर्थ सांगत जाते.

मी मूळची मिरजेची. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, तिथेच केलं, लग्नानंतर इकडे आले, पुन्हा परीक्षा दिल्या, आणि आता एका एनएचएस, म्हणजे इथल्या सरकारी, रुग्णालयात रक्ततपासणी विभागात बायोमेडिकल सायंटिस्ट आहे. ही चाचणी मी कधी पाहिली नव्हती. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीबरोबर गेले. तिला इथे मालू म्हणू.

मालू वर्षभर दमलेली होती. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, दोनदा रक्त दिलं. दोन्ही वेळा फोनवर मेसेज आला: नॉर्मल, काही करायची गरज नाही. एका ओळीत विषय संपला. माणूस मात्र तसाच दमलेला. मग कुणीतरी तिला लाईव्ह ब्लड करणाऱ्या या बाईंचा पत्ता दिला.

खोली छान होती. बाई अगत्याच्या होत्या. पाऊण तास त्यांनी फक्त मालूचं ऐकून घेतलं. एवढा वेळ तिचं म्हणणं त्याआधी कुणीच ऐकलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मग थेंब घेतला आणि पडदा उजळला. खरं सांगते, मी हरखले. माझ्या कामात पेशी मेलेल्या असतात. स्लाइडवर पसरवलेल्या, वाळवलेल्या, मिथेनॉलमध्ये बुडवलेल्या, निळ्या-जांभळ्या रंगात रंगवलेल्या. इथे एक पांढरी पेशी, न्यूट्रोफिल, गोगलगायीसारखी सरपटत चालली होती, पोटातले दाणे इकडून तिकडे वाहत होते. मालूनं माझा हात दाबला. "हे माझ्या आत चाललंय?"

नेमकं इथेच गाडं अडतं. ते तिच्या आत चाललेलं नव्हतं. ते काचेवर चाललं होतं.

बाईंनी पहिल्यांदा दाखवल्या त्या नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या तांबड्या पेशी. "रक्त आम्लधर्मी झालंय, पेशींना ऑक्सिजन पोचत नाही." या चळतींना आम्ही रूलो म्हणतो आणि ती खरीच एक नोंद आहे. रक्तातली काही प्रथिनं वाढली, अंगात सूज असली, अस्थिमज्जेचा मायलोमा नावाचा कर्करोग असला तर त्या वाढतात. तुमची ईएसआरची जुनी चाचणी चालते तीच मुळी यावर: चळती जड, म्हणून त्या नळीत लवकर खाली बसतात, आणि तासाभरात किती मिलिमीटर बसल्या ते मोजायचं. पण निरोगी माणसाच्या रक्ताचा थेंबही जिथे जाड असतो तिथे चळती होणारच. म्हणून आम्ही फिल्मचा, म्हणजे स्लाइडवर पसरवलेल्या रक्ताच्या थराचा, जाड भाग बघतच नाही. पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात एवढा पातळ पट्टा शोधतो आणि तिथेही चळती असतील तरच लिहितो. बाईंचा कॅमेरा थेंबाच्या मधोमध होता.

मग आल्या काटेरी पेशी, कडेला खिळे मारल्यासारख्या. "टॉक्सिन्स." तांबडी पेशी काचेला लागून राहिली, कडेनं थोडं पाणी उडालं, की तिला असे काटे फुटतात. गंमत अशी की काचेलगत द्रव थोडा अल्कधर्मी होतो आणि त्यानंच पेशी काटेरी होते. म्हणजे दोन मिनिटांपूर्वी जे रक्त ॲसिडिक म्हणून दाखवलं, त्यातलाच हा पुरावा नेमका उलट्या दिशेचा होता. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्टीत राखायला फुप्फुसं आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस राबत असतात. तो खरोखर घसरला तर माणूस सोफ्यावर बसून पडदा बघत नाही, आयसीयूत असतो.

त्यानंतर नाचणारे बारीक ठिपके. त्यांना कधी जंतू म्हणतात, कधी परोपजीवी, कधी यीस्टचे बीज. मालू दुपारी जेवून आली होती. पोळी, भाजी, वर तुपाची धार. जेवणातलं तूप-तेल आतड्यातून रक्तात येतं ते अशा बारीक थेंबांच्या रूपात, कायलोमायक्रॉन म्हणून. डार्क फील्डमध्ये ते चमकतात आणि पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी थरथरतात. जिवंत वाटतात, पण ते तूप आहे. शेवटी दिसू लागलेले धागे म्हणजे "यकृतावर ताण". रक्त अंगाबाहेर आलं की गोठतं, फायब्रिनचे धागे विणलेच जातात. भाजी चिरताना बोट कापलं आणि रक्त थांबलं, तर तुम्ही याच धाग्यांना दुवा देता.

माझ्या लॅबमधला निम्मा खटाटोप हे सगळं होऊ नये म्हणूनच असतो. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं ते रक्त गोठू नये म्हणून. फिल्म ताबडतोब वाळवायची ती पेशींना काटे फुटू नयेत म्हणून.

मालूला तीन पावडरी आणि एक थेंबांची बाटली मिळाली. सहा आठवड्यांनी दुसरी भेट. त्या वेळी मात्र उपाशीपोटी, भरपूर पाणी पिऊन यायला सांगितलं. मी पुन्हा गेले, आता जरा सावध नजरेनं. बाईंनी पहिला थेंब पुसून टाकला, दुसरा छोटासा घेतला, कव्हरस्लिप हलकेच दाबली. थेंब पातळ, म्हणून चळती नाहीत. पोट रिकामं, म्हणून ठिपके नाहीत. पडद्याकडे लगेच वळलो, म्हणून काटे नाहीत. "बघा केवढा फरक!" फरक होताच. बाई खोटं बोलत होत्या असं मला आजही वाटत नाही. त्यांना स्वतःला ते तसंच दिसत असावं, आणि ते जास्त अवघड आहे, कारण लबाड माणसाशी भांडता तरी येतं.

हा सगळा प्रकार आला कुठून? जर्मनीतून. गुंथर एंडरलाइन (१८७२–१९६८) नावाचे प्राणिशास्त्रज्ञ होते, मुळात कीटकांचे अभ्यासक. पहिल्या महायुद्धाच्या काळात डार्क फील्डमधून रक्त बघता बघता त्यांचं मत बनलं की प्रत्येकाच्या रक्तात सूक्ष्म वनस्पतिजन्य कण असतात (त्यांना ते "प्रोटिट" म्हणत), ते रूप बदलत बदलत जिवाणू होतात, बुरशी होतात आणि रोग घडवतात. १९२५ मध्ये त्यांनी यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. बुरशीपासून बनवलेली औषधंही पुढे आली. जंतूंच्या जाती ठरलेल्या असतात आणि विशिष्ट रोग विशिष्ट जंतूनं होतो, हे त्याच देशात रॉबर्ट कॉख यांनी त्याच्या कितीतरी आधी दाखवलेलं होतं. पण निसर्गोपचाराच्या एका शाखेत एंडरलाइन टिकून राहिले. पुढे कॅमेरे स्वस्त झाले, पडदे मोठे झाले, आणि ठिपक्यांना "प्रोटिट" म्हणायची गरज उरली नाही.

ही चाचणी कुणी तपासलीच नाही असंही नाही. २००६ मध्ये जर्मन संशोधकांनी मधुमेहाच्या २४ रुग्णांचे ४८ नमुने एंडरलाइन पद्धतीच्या दोन निरीक्षकांना दिले. दोघांचं एकमेकांशी जेमतेम जुळलं. या चाचणीवर विसंबता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. हे मी वाचलं तेव्हा मला आमच्या मलेरियाच्या स्लाइड आठवल्या. सुट्टीत गावी जाऊन आलेलं कुणी तापानं फणफणत आलं की जाड आणि पातळ अशा दोन्ही फिल्म आम्ही करतो, दोन माणसं वेगवेगळी बघतात, आणि पहिली निगेटिव्ह आली तरी पुढच्या दिवसांत पुन्हा रक्त मागवतो. शिवाय नेक्वास नावाची बाहेरची यंत्रणा देशभरच्या लॅबना नमुने पाठवते आणि कोण काय लिहितं ते पडताळते. माझं एकदा चुकलंय. पत्र आलं, साहेबांसमोर बसून तीच स्लाइड पुन्हा बघावी लागली. त्या बाईंना असं पत्र कधी येत नाही. एवढाच काय तो आमच्यातला फरक, बाकी डोळे दोघींचे सारखेच.

कायद्याचं विचाराल तर इथे बोट टोचून स्लाइड दाखवण्यावर बंदी नाही. मात्र कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं १९३९ च्या कॅन्सर ॲक्टनुसार गुन्हा आहे, आणि हार्ली स्ट्रीटवर लाईव्ह ब्लड करणाऱ्या एका गृहस्थाला २०१४ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या मॅजिस्ट्रेट कोर्टानं त्याखाली दोषी धरून दंड केला.

आता कुणी म्हणेल, तुला निसर्गोपचाराचंच वावडं आहे. मुळीच नाही. माझे मामा उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात दहा दिवस राहून आले होते, गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केला तोच. मातीच्या पट्ट्या, उकडलेल्या भाज्या, पहाटेचं चालणं, रात्री लवकर झोप. आल्यावर महिनाभर विडीला शिवले नाहीत. (महिनाभरच.) त्यात सूक्ष्मदर्शक कुठेही नव्हता. आणि डार्क फील्डलाही मी नावं ठेवत नाही. १९०६ मध्ये व्हिएन्नात लँडस्टायनर आणि मुखा यांनी सिफिलिसच्या जखमेतला स्पायरोकीट, म्हणजे मळसूत्री जिवाणू, याच तिरप्या उजेडात पाहायची रीत घालून दिली. तिथे काय शोधायचं ते ठाऊक होतं.

"पण तुमच्या लॅबला यीस्ट दिसत नसेल, त्यांना दिसतं," असंही मला एकीनं सुनावलंय. दिसतं हो. क्वचित, फार आजारी माणसाच्या फिल्मवर, पांढऱ्या पेशीच्या पोटात. तसं दिसलं की मी रात्री अडीच वाजता वॉर्डला फोन करते आणि पलीकडचा डॉक्टर धावत सुटतो. रक्तात यीस्ट असलेल्या बाईला कुणी "साखर कमी करा आणि सहा आठवड्यांनी या" म्हणत नाही.

हे सगळं मी मालूला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण मी पाहिलं ना."

मग एका रविवारी तिला घरी बोलावलं. मुलाचा शाळेचा सूक्ष्मदर्शक माळ्यावरून काढला. खालच्या उजेडाच्या मधोमध काळ्या कागदाची टिकली चिकटवली; गरिबाचं डार्क फील्ड. सासऱ्यांच्या शुगर तपासायच्या पेटीतून नवी सुई घेतली आणि माझंच बोट टोचलं. जेवण झालेलं होतं, श्रीखंड-पुरी. थेंब मुद्दाम जाड ठेवला. पहिल्या मिनिटालाच चळती. मालू भिंगाला डोळा लावून बसली. मी चहा टाकला. चहा होईपर्यंत कडेच्या पेशींना काटे यायला लागले होते. अर्ध्या तासानं तिनं मान वर केली.

"अगं, तुझं तर माझ्यापेक्षा वाईट आहे!"

"हो ना."

"मग माझ्या पावडरीचे दोन डबे उरलेत, ते तू घेऊन टाक."

ते डबे आमच्या फ्रिजवर आहेत. मालू अजून दमते. तिच्या सासूबाईंना विस्मरणाचा आजार आहे, त्या रात्री तीन-चार वेळा उठून दार उघडायला जातात, आणि मालू सकाळी सातच्या बसनं कामावर जाते. यासाठी कुठली ट्यूब लागते ते मला ठाऊक नाही. पण "नॉर्मल, काही करायची गरज नाही" हा मेसेज ज्या आकड्यांवरून गेला, ते आकडे आमच्यासारख्याच कुणीतरी काढले होते आणि कुणीही ते तिच्यासमोर बसून वाचले नव्हते. त्या बाईंनी निदान पडदा तरी दाखवला.

म्हणून आता कुणी विचारलं की मी हो-नाही करत बसत नाही. फोनवरच्या ॲपमध्ये तुमचा रिपोर्ट असतो. हिमोग्लोबिन, एमसीव्ही (तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान), पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार, प्लेटलेट. त्याचा कागद काढून भिशीला आणा. खाणं झाल्यावर, हात धुऊन, आपण एकेक ओळ बघू. बोट टोचणार नाही.