एका टक्क्याचं घर

घर माझ्या नावावर आहे, पण त्यामागे प्रेमबिम काही नाही. एप्रिल २०२१ पासून आपल्या राज्यात घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं. आमचं जळगावातलं, पिंप्राळ्याकडचं रो-हाऊस २१ लाखांचं, म्हणजे वाचले २१ हजार. रजिस्ट्रीहून परत आलो त्या संध्याकाळी मिस्टरांनी वहीत तो आकडा लिहिला, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, "मालकीणबाई, घर सजवायचं ते एवढ्यात. पुढच्या महिन्यापासून हप्ता."

भाड्याच्या दोन खोल्यांत गच्च वाटणारं सामान इथे आणून ठेवलं तर कोपऱ्यात रुसून बसल्यासारखं दिसायला लागलं. लोखंडी पलंग, दोन पंखे, गॅस, एक कपाट. शिवाय वास्तुशांतीच्या आहेरात आलेली भिंतीवरची घड्याळं, सात. आहेर देणाऱ्यांपैकी कोण कधी टपकेल सांगता येत नाही, म्हणून चार घड्याळं लावून टाकली. रात्री दिवे मालवले की रिकाम्या हॉलमध्ये त्यांची टिकटिक अशी घुमायची, जणू कोणीतरी टाचांच्या चपला घालून येरझाऱ्या घालतंय. तिसऱ्या रात्री मी उठून तिघांचे सेल काढले.

मग अमळनेरकडच्या गावाहून सासूबाई आल्या. वास्तुशांतीला आल्या होत्या, पण तेव्हा मांडव, माणसं, जेवणाच्या पंगती. घर काही दिसलं नव्हतं. आता दारात पिशवी ठेवून त्यांनी मोठ्यानं हाक मारली आणि लगेच दचकल्या.

"माय वं! आठे कोनी ऱ्हास का नही? मनाच आवाज माले परत येस!"

मिस्टर हसले, पण मला ते लागलं. कारण खरंच होतं. दोन महिने आम्ही घरात राहत होतो आणि घर मात्र आमचं बोलणं स्वीकारत नव्हतं, जसंच्या तसं परत पाठवत होतं. यात गूढ काही नाही म्हणा. गुळगुळीत फरशी, गिलाव्याच्या कोऱ्या भिंती, काचेच्या खिडक्या. आवाज आपटतो आणि मागे फिरतो. सासूबाईंचं गावचं घर धाब्याचं. मातीच्या हातभर जाड भिंती, वर लाकडांवर मातीचं धाबं, एका भिंतीला धान्याची पोती, दुसऱ्या भिंतीला गोधड्यांची छातीएवढी चळत. तिथं ओट्यावरून आत हाक मारली तर स्वयंपाकघरात पोहोचेपर्यंत अर्धी हाक भिंतीच पिऊन टाकतात. त्या बाईला आमचं घर म्हणजे विहीर वाटणारच.

तेव्हापासून माझं ठरलं. २१ हजारांत घर सुंदर वगैरे नाही करायचं, फक्त त्याचं घुमणं थांबवायचं.

पहिली आली चटई. जळगावात राहून चटईसाठी दुकानात पूर्ण पैसे मोजणं म्हणजे रावेरात केळी विकत घेण्यासारखं. इथल्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटयांचे कारखानेच कारखाने, माल देशभर जातो. शेजारच्या काकांनी ओळखीतून कडेची वीण जरा चुकलेल्या चार मोठ्या चटया अर्ध्या किमतीत आणून दिल्या. वीण चुकलेली आहे हे अजून एकाही पाहुण्याच्या लक्षात आलेलं नाही. हॉल निळा-जांभळा झाला, पायाला बरं वाटलं. पण घुमणं तसंच. पातळ प्लास्टिकला आवाज काय दाद देणार!

मध्येच मी एक मूर्खपणा केला. मोबाईलवर बघून ४५० रुपयांचं भिंतीवर चिकटवायचं झाड मागवलं. काळी फांदी, त्यावर सात पक्षी. झाड मार्चमध्ये लावलं. मेमध्ये पारा ४५ ला टेकला तसा गोंद पाझरू लागला आणि पक्षी एकेक करून उडाले, म्हणजे पडले. शेवटी नुसती फांदी राहिली, तीही उन्हाळ्यातल्या बांधावरच्या बाभळीसारखी. खान्देशात भिंतीवर काही चिकटवायचं तर त्याला आधी मे महिना दाखवावा.

उन्हाळ्यानंच मग खरे खर्च काढले. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती आग खालच्यांच्या अंगावर ओकतो. त्यावर इथला जुना इलाज चुना. पोतंभर चुना रात्रभर भिजवला, रंग हाताला लागू नये म्हणून त्यात फेविकॉल घातला आणि ऊन उतरल्यावर दोघांनी केरसुणीसारख्या ब्रशनं दोन हात मारले. पांढरी गच्ची ऊन परतवते. रात्री पलंगाची गादी तव्यासारखी लागायची ती थांबली. पावसाळ्यात हा चुना धुऊन जातो, पुढच्या वर्षी पुन्हा मारायचा. सगळा मिळून हजाराच्या आत आटपतो, म्हणून कुरकुर नाही.

हिशोबातला सगळ्यात मोठा आकडा पत्र्याच्या कूलरचा, साडेसहा हजार. यात मी काटकसर केली नाही. आमची हवा कोरडी, म्हणून ओल्या ताट्यांतून आलेला वारा खरंच गार होतो. नणंदबाई डोंबिवलीहून आल्या की कूलर सुरू झाल्याबरोबर सवयीनं खिडक्या लावून घेतात आणि अर्ध्या तासात "चिकचिक होतंय गं" म्हणतात. त्यांच्याकडे हवेतच पाणी, कूलर बिचारा आणखी कुठे टाकणार? इथेही समोरची खिडकी उघडी हवी. ओली हवा बाहेर गेली तरच कोरडी आत येणार. दरवर्षी हे सांगते, दरवर्षी त्या खिडकी लावतात. ते असो. पहिल्या दिवशी नव्या ताट्या भिजल्यावर जो वास सुटला, तो या घराचा पहिला स्वतःचा वास. तोवर घराला रंगाचा वास होता.

पडद्यांचा भाव दुकानात ऐकला आणि उठून आले. घरी येऊन जुन्या साड्यांचं बोचकं सोडलं. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर. दरवाजा सात फुटी, म्हणजे सव्वादोन मीटरच्या आत. वरची घडी आणि खालची दुमड धरून अडीच. एका साडीत दोन पाट बसतात आणि हातभर तुकडा उरतो, त्यात उशीचा अभ्रा. पण मापात बसलेली प्रत्येक साडी पडदा होत नाही. सिंथेटिक साडी वाऱ्यावर नुसती फडफडते. सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलीच हवी. ती जड पडते, वारा गाळून घेते.

हॉलच्या दाराला लागलेली मोरपंखी साडी सासूबाईंची. तिच्यावर कित्येक उन्हाळे ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळले. गच्चीवर साडी पसरायची, चार कोपऱ्यांना चार विटा, आणि पहाटे शिजवलेला घाटा पळीनं घालत सुटायचं. त्या साडीचा रंग उन्हानं विटलाय, पण सगळीकडे सारखा नाही. दुपारी तीनच्या सुमाराला पश्चिमेचं ऊन पडद्यामागून आलं की त्यात पुसट गोल दिसतात, एकावर एक चढलेले, कडा विरलेल्या. येणाऱ्यांना ती डिझाइन वाटते. एका मैत्रिणीनं कुठून घेतली विचारलं. मी दुकानाचं नाव सांगितलं नाही, नुसतं "गावाहून" म्हटलं.

जेवणाचं टेबल भुसावळहून आलं. रेल्वेचं गाव, बदलीची ऑर्डर आली की माणसं जड सामान मागे सोडतात. जुनं सागवानी, एक पाय किंचित आखूड, १५०० रुपयांना. ते आणायला छोटा हत्ती केला, त्यानं घेतले १४००. मिस्टर अजून त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवताना हा हिशोब ऐकवतात. मागच्या मोरीपाशी केळीचा मुनवा, म्हणजे बुंध्याशी फुटलेला कोंब, लावला, तो मात्र फुकट. माझं माहेर रावेरकडचं. बाबांच्या शेतात आता सगळी टिश्यू कल्चरची रोपं, पण विहिरीजवळ एक जुनं बेट राखलंय, त्यातला काढून दिला. मोरीचं पाणी त्याला जातं आणि तो आमच्यापेक्षा लवकर रुळला.

श्रावणात कानबाई, म्हणजे आमची खान्देशातली देवी, आमच्याकडे बसवायचं ठरलं तेव्हा वहीत ९०० रुपये उरले होते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि तिच्या आधी घर आवरून, रंगवून घ्यावं लागतं. आमच्या भागात घराची खरी तारीख तीच, दिवाळी नंतरची. घर नवंच होतं, रंगाचा खर्च वाचला. सासूबाई आठ दिवस आधी आल्या त्या गावच्या चळतीतल्या नऊ गोधड्या घेऊन. एकेक गोधडी म्हणजे कुणाकुणाची लुगडी, धोतरं, आतेसासऱ्यांचा फेटा, सगळ्यांवर धावदोऱ्याच्या रांगा. दोन त्यांनी पलंगावर घातल्या, एक टेबलाशेजारच्या बाकावर, आणि उरलेल्यांची हॉलच्या भिंतीला चळत रचली. मी म्हटलं, कपाटात ठेवू या. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

रविवारी भाऊबंदकी जमली. सत्तावीस माणसं त्या चार चटयांवर मावली. नथ घातलेल्या नारळाची कानबाई पाटावर बसली, रोट झाले, रात्रभर गाणी झाली. सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन झालं आणि दुपारपर्यंत घर रिकामं.

सगळे गेल्यावर मी हॉलमध्ये एकटीच उभी होते. भिंतीला गोधड्या, दाराला मोरपंखी, कोपऱ्यात कूलर. मनात आलं म्हणून दोन्ही हात वर करून एक जोरात टाळी वाजवली. ती तिथल्या तिथेच विझली.

आणि स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या, "काय पडनं वं?"